'इंधन महागलं म्हणून बुडाल्या' : एका सोप्या उत्तराची उलटतपासणी

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं : "2007-08 मध्ये इंधनाचे दर भडकल्यामुळे फक्त बिझनेस क्लास असलेल्या विमानकंपन्या बंद पडल्या." सरांनी त्यातल्या 'मुळे'भोवती लाल गोल केला आणि बाजूला एकच शब्द लिहिला, "कशावरून?" त्या शब्दाने माझे दोन महिने खाल्ले. पेट देऊन सिनॉप्सिसच्या मागे लागलेल्यांना त्या दोन महिन्यांचा काही उपयोग होईल, म्हणून हे लिहितेय.

आधी काय घडलं ते बघू. ऑक्टोबर 2005 मध्ये ईऑस ही कंपनी लंडनच्या स्टॅन्स्टेड विमानतळावरून न्यूयॉर्कला उडायला लागली. ज्या बोइंग 757 मध्ये एरवी दोनशेच्या आसपास लोक बसतात, त्यात तिने फक्त 48 जागा ठेवल्या. पुढच्याच महिन्यात त्याच मार्गावर मॅक्सजेट आली, 767 विमानात 102 जागा घेऊन. जानेवारी 2007 मध्ये ल्यूटन ते न्यूअर्क सिल्व्हरजेट सुरू झाली, जागा 100. त्याच महिन्यात पॅरिसच्या ऑर्लीहून न्यूअर्कला लाव्हियों, 757 मध्ये 90 जागा. कल्पना सरळ होती : लहान विमानतळ, रांगा कमी, अख्खं विमान ऐसपैस आणि मोठ्या कंपन्यांच्या बिझनेस क्लासपेक्षा तिकीट स्वस्त.

मग पडझड. मॅक्सजेट 24 डिसेंबर 2007 ला बंद. ईऑसचं शेवटचं उड्डाण 27 एप्रिल 2008 ला. सिल्व्हरजेट 30 मे 2008 ला थांबली. आणि जुलै 2008 मध्ये कच्चं तेल पिंपाला 147 डॉलरपर्यंत गेलं. दोन्ही आलेख एकावर एक ठेवले की प्रकरण मिटलं असं वाटतं. बहुतेक लेख इथेच थांबतात. मीही थांबले होते.

आता पहिली शंका. तेल सगळ्यांनाच महाग झालं होतं. त्याच अटलांटिकवर ब्रिटिश एअरवेज, व्हर्जिन, अमेरिकन हेही उडत होते, आणि तेच इंधन भरत होते. जे कारण सगळ्यांना लागू आहे, ते एकटं 'हेच का बुडाले' याचं उत्तर देऊ शकत नाही. उत्तर हवं असेल तर बुडालेल्या आणि न बुडालेल्या कंपन्यांमधला फरक सांगावा लागतो. माझ्या मसुद्यात न बुडालेली एकही कंपनी नव्हती. म्हणजे मी फक्त नापास झालेल्यांच्या वह्या तपासून नापास होण्याचं कारण लिहीत होते.

दुसरी शंका लाव्हियोंची. विमान ईऑससारखंच, महासागर तोच, तेल तेच. तरी ती बंद पडली नाही. जुलै 2008 मध्ये, म्हणजे तेल शिखरावर असताना, ब्रिटिश एअरवेजने ती 5 कोटी 40 लाख पौंडांना विकत घेतली. इथे उड्या मारू नका. विकली गेली म्हणजे नफ्यात होती, हे सिद्ध होत नाही. घेणाऱ्याची स्वतःची गणितं असतात. शिवाय तिचं शहर वेगळं आणि जागाही ईऑसच्या जवळजवळ दुप्पट. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या की फरक कशाने पडला ते सांगता येत नाही.

म्हणून मला त्याहून स्वच्छ तुलना हवी होती. ती सापडली ला कॉम्पनीमध्ये. ही कंपनी 2014 मध्ये अशाच विमानांनी पॅरिस–न्यूअर्क उडायला लागली. 2015 मध्ये तिने ल्यूटन–न्यूअर्क सुरू केलं आणि 2016 मध्ये ते बंद केलं. पॅरिसचा मार्ग मात्र चालू राहिला. कंपनी एक, विमानाचा प्रकार एक, इंधनाचा भाव एक, फरक शहराचा. आणि 2016 मध्ये तेल 2008 च्या शिखराच्या निम्म्याहूनही खाली होतं! कंपनीने ब्रेक्झिटकडे बोट दाखवलं, आणि पौंड घसरला होता हे खरंच. तरी 'तेल महागलं की या कंपन्या मरतात' हे सूत्र इथे चालत नाही.

आणखी मागे जा. डॅलसच्या लव्ह फील्डवरून 2000 साली लेजंड ही कंपनी 56 जागांची आलिशान विमानं उडवायला लागली. अमेरिकनने लगेच त्याच विमानतळावर 56 जागांची फॉकर विमानं उतरवली. लेजंड वर्षही पुरं करू शकली नाही. ऑक्टोबर 2007 मध्ये अमेरिकनने स्टॅन्स्टेड–न्यूयॉर्क सुरू केलं, आणि दोन महिन्यांत मॅक्सजेट गेली. 2008 च्या उन्हाळ्यात अमेरिकननेही तो मार्ग सोडला. "बघा, काम झालं आणि निघून गेले" असं लिहायचा मोह मला झाला होता. पण तेव्हा तेलही शिखरावर होतं. वेळापत्रकावरून हेतू वाचता येत नाही.

मग इंधनाचा संबंधच नाही का? आहे, पण वाटेने आहे. विमानात 48 लोक असोत की 200, समुद्र ओलांडायला लागणारं इंधन फारसं बदलत नाही. ते 48 जणांत वाटलं की प्रत्येकाच्या वाट्याला साधारण चौपट येतं. मोठ्या कंपनीकडे ऑगस्टमध्ये किंवा नाताळात ऑफिसचे प्रवासी आटले, तर मागे इकॉनॉमीत सुट्टीवाले असतात, पोटात माल असतो, दुसऱ्या शहरांतून येणारे जोडप्रवासी असतात. इथे यातलं फार थोडं. एक विमान बिघडलं तर दुसरं हाताशी नाही. आणि ज्याची मीटिंग लांबली त्याला दोन तासांनी सुटणारं पुढचं विमान हवं असतं. ते हीथ्रोवर मिळतं, ल्यूटनवर नाही. अशा कंपनीला तेलाने धक्का दिला हे खरं. पण ती कड्यावर उभी होती, आणि तिथे ती स्वतः जाऊन उभी राहिली होती.

यापुढचा भाग माझ्या मसुद्यात सगळ्यात कच्चा होता : 'प्रवाशांवरील परिणाम'. मी अडकलेल्या प्रवाशांच्या बातम्या जोडल्या होत्या, झालं. प्रत्यक्षात तिथे तीन वेगळे गट आहेत.

पहिला, अडकलेले. मॅक्सजेटच्या काही प्रवाशांना ईऑसने उचललं, आणि चार महिन्यांनी ईऑसच गेली. 11 सप्टेंबरनंतर अमेरिकेत एक तरतूद होती : कंपनी बुडाली, तर त्याच मार्गावरच्या इतरांनी रिकाम्या जागी तिचे प्रवासी किरकोळ शुल्कात न्यायचे. ती नोव्हेंबर 2006 मध्ये संपली. मॅक्सजेट बुडाली त्यानंतर वर्षभराने.

दुसरा, पुढचं तिकीट हातात असलेले. ब्रिटनमध्ये 100 पौंडांवरची खरेदी क्रेडिट कार्डाने केली असेल, तर 1974 च्या ग्राहक कर्ज कायद्याचं कलम 75 कार्ड कंपनीलाही जबाबदार धरतं. डेबिट कार्डाला ते लागू नाही. म्हणजे एकाच रांगेत शेजारी बसणार होते, दोघांनी पैसे सारखेच दिले, पण एकाला हक्काने परत मिळतात आणि दुसरा बुडीत कंपनीच्या देणेकऱ्यांच्या यादीत शेवटी उभा राहतो. खिशातून कुठलं कार्ड निघालं यावर 'परिणाम' ठरला. सरासरी काढली की हा फरक पुसला जातो.

तिसरा गट कुठल्याच बातमीत नाही : ज्यांनी पुढच्या वर्षी ते स्वस्त तिकीट घेतलं असतं. पाठीच्या दुखण्याने आडवं होऊन प्रवास करावा लागणारी व्यक्ती, स्वतःच्या पैशाने जाणारा छोटा व्यावसायिक. विमानतळावर हे अडकले नाहीत, म्हणून यांचा फोटो नाही. यांचं नुकसान मोजायचं तर लंडन–न्यूयॉर्कचं आधीचं आणि नंतरचं भाडं, दुसऱ्या एखाद्या मार्गाशी ताडून बघावं लागेल. पण मार्च 2008 मध्ये बेअर स्टर्न्स कोसळली, आणि 30 मार्चला ओपन स्काइज करार लागू होऊन हीथ्रो आणखी अमेरिकन कंपन्यांना खुलं झालं. पहिल्या घटनेने मागणी घटते, दुसरीने स्पर्धा वाढते, आणि दोन्ही त्याच महिन्यांत. भाड्याचा आकडा हलला तर श्रेय कुणाला द्यायचं? माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण आता या प्रश्नावर आहे.

ते वाक्य आता असं आहे : "कमी जागा, मोजकेच मार्ग आणि अपुरी गंगाजळी असलेल्या या कंपन्या लंडन–न्यूयॉर्कच्या तीव्र स्पर्धेत आधीच नाजूक होत्या, इंधन दरवाढीने त्यांचा टिकाव धरण्याचा काळ कमी झाला असावा." लांबलं आहे, रटाळही आहे. सरांनी या वेळी 'असावा'खाली रेघ मारली आणि लिहिलं, "चालेल. आता दाखव."

तुमचा मसुदा उघडा आणि त्यातल्या प्रत्येक 'मुळे'भोवती स्वतःच गोल करा. मग प्रत्येकापुढे लिहा : हे कारण असूनही जिथे तसं घडलं नाही, असं उदाहरण कोणतं? माझ्या बारा पानांत असे एकोणीस 'मुळे' निघाले. उदाहरण फक्त चारांपुढे लिहिता आलं.