जलदृश्याचे छायाचित्र आणि योग्यतेचा निकष

निसर्गदृश्यांच्या छायाचित्रांचे परीक्षण करताना गुणदोषांची दोन स्वतंत्र सदरे मांडण्याचा प्रघात आहे. पहिले सदर रचनेचे. चौकटीत कोणती वस्तू कोठे आली, क्षितिज किती उंचीवर आहे, दृष्टी कोठून आत शिरते व कोठे विसावते, यांचा विचार त्यात होतो. दुसरे सदर संस्करणाचे. निगेटिव्ह धुण्यापासून कागदावर प्रत उमटेपर्यंतचे, आणि अलीकडे संगणकावर होणारे, सर्व उपचार त्यात येतात. ही विभागणी अध्यापनास सोयीची आहे, यात शंका नाही. परंतु ज्या चित्रात पाणी आहे, त्या चित्रापुरती तरी ती टिकत नाही. ती का टिकत नाही आणि तिच्या जागी कोणता निकष ठेवावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या विचारास भारतीय शाब्दबोधशास्त्रातील एक जुनी त्रयी उपयोगी पडते. पदांचा समूह वाक्य ठरण्यासाठी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी या तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत. पदांना एकमेकांची अपेक्षा हवी, ती जवळजवळ उच्चारलेली हवीत, आणि त्यांच्या अर्थांचा परस्परांशी मेळ बसावयास हवा. 'विस्तवाने शिंपतो' हे योग्यतेच्या अभावाचे प्रसिद्ध उदाहरण होय. येथे विभक्ती निर्दोष आहे, क्रियापद जागच्या जागी आहे, तथापि शिंपण्याची क्रिया विस्तवाने घडत नाही. म्हणून वाक्यार्थ उभा राहत नाही. चित्र म्हणजे वाक्य नव्हे, हे उघड आहे व साम्य फार ताणण्यात अर्थ नाही. परंतु जलदृश्याच्या छायाचित्रात नेमका असाच दोष संभवतो. वस्तूंची मांडणी निर्दोष असूनही आकाश आणि पाणी यांचा मेळ बसत नाही, आणि बहुधा तो संस्करणामुळे बिघडलेला असतो.

पाणी हे छायाचित्रातील साक्षीदार आहे. वरून सरळ खाली पाहिले असता स्वच्छ पाण्याचा पृष्ठभाग त्यावर पडलेल्या प्रकाशाचा सुमारे 2 टक्के अंशच परत पाठवितो. दृष्टी जसजशी तिरपी होत जाते तसतसा हा अंश वाढतो, आणि दृष्टी पृष्ठभागाला जवळजवळ समांतर झाली की बहुतेक सर्व प्रकाश परावर्तित होतो. म्हणून पायाजवळचे पाणी काळसर दिसते व दूरचे उजळ. मात्र हा अंश कधीही शंभरावर जात नाही. यावरून एक साधा नियम निघतो: आकाशाच्या ज्या भागाचे प्रतिबिंब पाण्यात पडले आहे, त्या भागाहून ते प्रतिबिंब अधिक उजळ असू शकत नाही. लाटांचे तिरपे पृष्ठ माथ्यावरचे तेजस्वी आकाश दाखवितात, त्यामुळे क्षितिजालगतच्या मळभापेक्षा लाटा उजळ दिसणे संभवते. परीक्षकाने एवढा विवेक ठेवला पाहिजे. परंतु संथ तळ्याच्या चित्रात ढगांना गडद करण्याच्या हौसेने केवळ वरचा अर्धा भाग काळवंडला आणि खाली त्याच ढगांचे प्रतिबिंब लख्ख राहिले, तर ते चित्र विस्तवाने शिंपण्यासारखे आहे. क्षितिज अचूक उंचीवर असल्याचे गुण त्याला देऊन काय साधणार?

दुसरा नियम आकाराचा आहे. कॅमेरा पृष्ठभागाच्या जितका वर असेल तितक्याच खालून पाहिल्यास जे दिसेल, ते प्रतिबिंबात दिसते. त्यामुळे काठावरच्या झाडांमागील दूरचा डोंगर प्रत्यक्षापेक्षा प्रतिबिंबात अधिक झाकला जातो, आणि पुलाच्या कमानीचा तळ अधिक उघडा पडतो. वरचा अर्धा भाग उलटा करून खाली जोडलेले 'प्रतिबिंब' यावरूनच ओळखता येते. चौकट सरळ करण्याबाबतही पाण्याचीच साक्ष घ्यावी लागते. समुद्राचे क्षितिज आडवेच हवे; परंतु तळ्याचा तिरपा गेलेला पलीकडचा काठ चित्रात उतरता दिसणे हेच यथार्थ आहे. कॅमेरा समपातळीत धरलेला असेल, तर वस्तू आणि तिचे प्रतिबिंब एकाच उभ्या रेषेत येतात. काठ आडवा करण्याच्या नादात ती रेषा कलली, म्हणजे रचनेची दुरुस्ती म्हणून जे केले तोच दोष ठरतो.

हे निकष इतिहासावर लावून पाहणे उद्बोधक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलोडिअनच्या काचा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असत. समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश कोरेकरकरीत होऊन जाई. फ्रेंच छायाचित्रकार ग्युस्ताव्ह ल ग्रे याने 1857 मधील 'सेत येथील मोठी लाट' या चित्रात समुद्र एका निगेटिव्हवरून आणि ढग दुसऱ्यावरून घेऊन क्षितिजरेषेवर त्यांचा सांधा जुळविला. एकच आकाश त्याच्या एकाहून अधिक समुद्रचित्रांत आढळते. याउलट 1856 मधील 'पाण्यावरील ब्रिग' हे त्याचे गाजलेले गलबताचे चित्र एकाच निगेटिव्हचे आहे. मात्र गडद छपाईमुळे दिवसाउजेडी घेतलेले हे दृश्य अनेकांना चांदण्यातले वाटले, आणि त्या नावानेही ते ओळखले गेले. निगेटिव्हची संख्या मोजणारा परीक्षक पहिल्याला लबाड व दुसऱ्याला प्रामाणिक ठरवील. वस्तुतः योग्यता दोहोंत आहे. उसळत्या समुद्रात ढगांचे आकार उमटत नसल्याने पहिल्या चित्रात आकाराची साक्ष लागतच नाही, आणि उजेडाचा तोल ल ग्रेने सांभाळला आहे. दुसऱ्यात ढगांआडचे तेज आणि पाण्यावरील चमकता पट्टा यांचा मेळ निसर्गानेच घातलेला आहे. मात्र प्रहराविषयीची समजूत चुकविते ते न जोडलेले चित्र, जोडलेले नव्हे.

येथे दोन प्रश्न वेगळे करणे अवश्य आहे. व्याकरणशुद्ध व अर्थपूर्ण वाक्यही असत्य असू शकते. त्याचप्रमाणे, चित्राचे भाग परस्परांशी सुसंगत आहेत काय, हा योग्यतेचा प्रश्न. आणि त्या स्थळी, त्या वेळी जे होते ते चित्र सांगते काय, हा प्रामाण्याचा प्रश्न. पहिल्याचे उत्तर चित्राच्या आतच सापडते. दुसऱ्याचे उत्तर चित्राबाहेर शोधावे लागते, आणि ते किती महत्त्वाचे हे चित्र कोणता दावा करते यावर अवलंबून असते.

हा भेद न झाल्याने केवढी किंमत द्यावी लागते, हे पीटर हेन्री इमर्सनच्या उदाहरणावरून दिसते. इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉरफोक ब्रॉड्स या उथळ जलाशयांची छायाचित्रे त्याने टी. एफ. गुडॉल या चित्रकाराच्या सहकार्याने 1886 मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतील होडीतून कमळे खुडणाऱ्या जोडप्याचे चित्र प्रसिद्ध आहे. प्लॅटिनमच्या प्रतीतील मंद करड्या छटांत लव्हाळे आणि पाणी असे एकमेकांत मिसळतात की रचना कोठे संपली व संस्करण कोठे सुरू झाले, हे सांगता येत नाही. निगेटिव्ह जोडण्याच्या पद्धतीचा इमर्सन कट्टर विरोधक होता. 1889 मध्ये त्याने निसर्गनिष्ठ छायाचित्रणाचा पुरस्कार करणारा ग्रंथ लिहिला. पण हर्टर आणि ड्रिफील्ड यांच्या 1890 मधील संशोधनावरून विकसनाच्या वेळी छटांचे परस्परप्रमाण मनाजोगे बदलता येत नाही, असे त्यास वाटले, आणि छायाचित्रण ही कला आहे हे स्वतःचेच मत त्याने जाहीरपणे मागे घेतले. संस्करणावर कर्त्याची सत्ता नसेल, तर केवळ चौकट निवडण्याने कला होत नाही, असा या माघारीचा मथितार्थ आहे. निष्कर्ष टोकाचा खरा. परंतु दोन सदरे अलग मानणाऱ्यांपेक्षा इमर्सनला प्रश्नाचे मर्म अधिक कळले होते.

आंद्रेआस गुर्स्की या जर्मन छायाचित्रकाराचे 'ऱ्हाइन 2' (1999) ही या विचाराची शेवटची कसोटी. ड्युसेलडॉर्फनजीकचा हा नदीकाठ गवताचे हिरवे पट्टे, वाट, रुपेरी पाणी आणि मळभाचे आकाश एवढ्याच आडव्या पट्ट्यांत मांडलेला आहे. पलीकडच्या काठावरील इमारती व माणसे संगणकाच्या साहाय्याने काढून टाकलेली आहेत. 2011 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात या चित्रास 43 लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. छायाचित्रासाठी तोवर आलेली ती सर्वांत मोठी किंमत होती. याचे गुण कोणत्या सदरात लिहावयाचे? येथील रचना ही संस्करणानेच निर्माण केली आहे. योग्यतेच्या दृष्टीने चित्र निर्दोष आहे: मळभाचा सपाट उजेड आणि किंचित तरंगित पाणी यांत कोठे विसंवाद नाही. प्रामाण्याबाबत मात्र चित्राला सूट देता येत नाही. शीर्षकात खऱ्या नदीचे नाव आहे, आणि त्या नदीकाठचा मानवी उद्योग नेमका पुसलेला आहे. चित्राची भव्य शांतता या पुसण्यातूनच आली आहे. ती शांतता श्रेष्ठ आहे व विकतची आहे. परीक्षकाने दोन्ही नोंदवावे.

तात्पर्य, जलदृश्याच्या परीक्षणाचा क्रम बदलला पाहिजे. प्रथम पाण्याला विचारावे, की वरच्या आकाशाशी व काठाशी तुझा मेळ आहे काय. त्यानंतर चित्राचा दावा पाहून प्रामाण्याचा निर्णय करावा. वस्तूंची मांडणी मोहक आहे की नाही, हा विचार त्यानंतरचा. फेरफार केला की नाही, एवढ्यावरच अडून राहणारी टीका कर्त्याची झडती घेते. चित्र तसेच न पाहिलेले राहते.