क्लायमॅट्रॉन : घुमटाचे सामर्थ्य आणि निसर्गदर्शनाच्या मर्यादा

विसाव्या शतकातील वास्तुविचारात बकमिन्स्टर फुलर यांच्या जिओडेसिक घुमटाला महत्त्वाचे स्थान आहे. कमीत कमी साहित्यात जास्तीत जास्त जागा व्यापणे, हे या घुमटाचे मूलसूत्र होय. अमेरिकेतील सेंट लुईस येथील मिसुरी वनस्पती उद्यानातील 'क्लायमॅट्रॉन' हे हरितगृह या सूत्रावर आधारलेले आहे. मर्फी आणि मॅकी या वास्तुविशारदांनी आरेखित केलेली ही वास्तू १९६० मध्ये खुली झाली. हवामानाचे नियंत्रण सूचित करणारे तिचे नाव तत्कालीन संचालक फ्रिट्स वेंट यांच्या विज्ञानदृष्टीचे द्योतक आहे.

सुमारे १७५ फूट व्यासाच्या आणि ७० फूट उंचीच्या या घुमटात एकही खांब नाही. अॅल्युमिनियमच्या नळ्यांच्या जाळीत भार सर्वत्र विभागला जातो. त्यामुळे आतून आधाराची गरज उरत नाही. पाहणाऱ्याची दृष्टी कोठेही न अडखळता वेलींवरून वृक्षांच्या शेंड्यांपर्यंत पोहोचते. येथे वास्तू मागे सरते आणि वनस्पती पुढे येते. हेच या रचनेचे खरे यश म्हणावे लागेल.

तथापि या यशाला दुसरी बाजू आहे. मूळचे पारदर्शक प्लास्टिकचे आच्छादन कालांतराने निकामी झाले आणि नूतनीकरणात त्याची जागा काचेने घेतली. १९९० मध्ये हरितगृह पुन्हा खुले झाले. सांगाडा टिकला, आवरण टिकले नाही. हरितगृहात मात्र वनस्पतींना मिळणारा प्रकाश आणि ऊब आवरणावरच अवलंबून असते. म्हणूनच केवळ सांगाड्याच्या हलकेपणावरून अशा वास्तूचे मूल्यमापन करणे अपुरे ठरते.

दुसरा प्रश्न निसर्गाच्या मांडणीचा आहे. बाहेर हिवाळ्यात बर्फ पडत असताना आत उष्ण प्रदेशातील वर्षावन हिरवेगार असते. परंतु ही ऊब आणि आर्द्रता राखणारी यंत्रे व माणसे सहजी नजरेत भरत नाहीत. केळी, कॉफी, कोको यांसारखी झाडे येथे रानाचा भाग म्हणून दिसतात. कोकणातील बागायतदाराला मात्र केळ म्हटले की पाणी, खत आणि मेहनत आठवते. ज्या मोकळेपणामुळे वनस्पती स्पष्ट दिसते, त्याच मोकळेपणामुळे तिच्यामागील श्रम दृष्टीआड होतात.

एकंदरीत, क्लायमॅट्रॉन हा अभियांत्रिकीचा श्रेष्ठ नमुना आहे, यात शंका नाही. मात्र अशा वास्तूची समीक्षा करताना तिने काय दाखवले याबरोबरच काय झाकले, याचाही विचार होणे अगत्याचे आहे.