अध्यापकाची निवड आणि तंत्रज्ञान स्वीकृतीचे प्रारूप : एक चिकित्सा

अध्यापक वर्गात तंत्रज्ञान का वापरतात, याचा शोध घेणाऱ्या प्रबंधांत फ्रेड डेव्हिस यांचे ‘तंत्रज्ञान स्वीकृती प्रारूप’ वारंवार आधाराला घेतले जाते. साधन उपयुक्त वाटणे व वापरण्यास सोपे वाटणे, या दोन धारणांवर स्वीकृती अवलंबून असते, असे त्याचे सार आहे. मांडणी सुटसुटीत आहे. प्रश्नावलीत तर ती फारच सहज बसते. मात्र डेव्हिस यांच्या १९८९ च्या अभ्यासातील प्रतिसादक होते आयबीएमच्या टोरांटो येथील प्रयोगशाळेतील ११२ जण आणि बोस्टन विद्यापीठातील ४० सायंकालीन एमबीए विद्यार्थी. कार्यालयात साधन ज्याच्या हाती, लाभही त्याचाच. वर्गात साधन अध्यापकाच्या हाती असते आणि लाभ विद्यार्थ्याला व्हावा लागतो. हा भेद प्रारूपात सामावत नाही.

लॅरी क्युबन यांचे विवेचन येथे अधिक उपयोगी पडते. चित्रपट, आकाशवाणी, दूरचित्रवाणी यांचा वर्गातील इतिहास त्यांनी १९८६ मध्ये मांडला. अध्यापकांचा नकार म्हणजे आळस वा भीती, हा रूढ समज त्यांनी स्वीकारला नाही. तासिकेची मर्यादा, वर्गाची शिस्त आणि अभ्यासक्रम यांच्या चौकटीत जे साधन बसते, तेच अध्यापक निवडतो. २००१ मध्ये त्यांना सिलिकॉन व्हॅलीतही हेच आढळले : संगणक मुबलक, अध्यापन बव्हंशी पूर्वीचेच.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. पुरस्काराच्या परिचयात नोंदलेली अडचण भाषेची आहे : पाठ्यपुस्तके मुलांच्या मातृभाषेत, कन्नडमध्ये, नव्हती. क्यूआर कोड आले ते या अडचणीवरील उपाय म्हणून. येथे ‘सोपे वाटणे’ हे कारण अगदीच तोकडे ठरते. त्यासाठी आधी कन्नड शिकावी लागली होती!

महाविद्यालयांत चित्र निराळे दिसते. नॅकच्या २०१७ च्या सुधारित मूल्यांकन पद्धतीत अध्यापकांच्या आयसीटी वापराची माहिती मागितली गेली. तेव्हा नोंदीसाठी सुरू केलेला प्रोजेक्टर आणि एखादा अवघड पाठ उलगडण्यासाठी सुरू केलेला प्रोजेक्टर, दोन्ही ‘वापर’ याच रकान्यात पडले. पंचबिंदू श्रेणीची प्रश्नावलीही त्यांना वेगळे करू शकत नाही. कोणता पाठ, विद्यार्थी नेमका कोठे अडला आणि वीज नसती तर तोच पाठ कसा शिकवला गेला असता, हे प्रश्न तीत नसतातच.