बसलेल्या माणसाची पँट

रेनपँट हातात आली की मी आधी ती उलटी करतो आणि आसन बघतो. कापड, रंग, कंपनीचे नाव नंतर. दोन्ही पायांच्या आतल्या शिवणी वर चढत येतात, पुढची आणि मागची मधली शिवण खाली उतरते, आणि या चौघी जिथे भेटतात तिथे, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत, पावसात गाडी चालवणाऱ्याचे सुखदुःख ठरते. चांगल्या पँटमध्ये तिथे टेपचे पदर सपाट बसलेले असतात, त्यांवर आणखी एक तुकडा चिकटवलेला असतो, बोट फिरवले तर कुठे फुगवटा लागत नाही. निकृष्ट पँटमध्ये नेमकी तिथेच टेपला एक बारीक सुरकुती पडलेली असते. दुकानात ती दिसतही नाही. ताम्हिणी घाट चढून वर येईपर्यंत मात्र पाणी तिच्यातून आत पोचलेले असते.

पाणी तिथूनच का येते, हे समजून घेण्यासारखे आहे. वाऱ्याच्या माऱ्याने पाणी कापडातून घुसते असा सर्वसाधारण समज असतो. हिशेब वेगळाच निघतो. कापड किती पाणी अडवते ते मिलिमीटरमध्ये मोजतात: कापडावर पाण्याचा दाब चढवत न्यायचा, तीन ठिकाणी थेंब उमटले की थांबायचे, आणि तो दाब जितक्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका असेल तितका त्या कापडाचा आकडा. आता ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना समोरून येणाऱ्या वाऱ्याचा दाब याच मापात काढला तर तो १७ मिलिमीटरच्या आसपास भरतो. १०० च्या वेगालाही तो पन्नासच्या आतच राहतो. थेंब आपटतो त्या क्षणी दाब वाढतो खरा, पण लगेच ओसरतो. याउलट बसलेल्या माणसाचे पन्नास किलो वजन सीटच्या साधारण वीस बाय तीस सेंटिमीटर जागेवर पडले, तर तिथला दाब आठशे मिलिमीटरच्या पुढे जातो. वाऱ्याच्या जवळपास पन्नासपट. हाडांखाली त्याहून जास्त, खड्ड्यात गाडी आदळली की आणखी जास्त, आणि हे सगळे तास-दोन तास न थांबता. त्यात पेट्रोलच्या टाकीवर पडणारे पाणी उतारावरून मांडीकडेच येते आणि सीटच्या पुढच्या टोकाशी साचून राहते. म्हणजे पँटच्या सर्वांत नाजूक जागी पाणी साचते आणि त्याच पाण्यावर माणूस आपले वजन टाकून बसतो.

म्हणून ‘कापड किती मिलिमीटरचे’ एवढ्याच प्रश्नावर मी थांबत नाही. हल्लीचे साधे पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर दिलेले पॉलिएस्टरही नवेपणी पाणी अडवते. प्रश्न सुईचा आहे. प्रत्येक टाका म्हणजे एक भोक. एका सेंटिमीटरला चार टाके धरले, तर नुसत्या दोन पायांच्या आतल्या शिवणीतच सहाशेच्या घरात भोके पडतात. त्यांवर आतून उष्णतेने चिकटवलेली टेप हाच सगळा बंदोबस्त. सरळ शिवणीवर ती बसवणे सोपे. मशीन धावत जाते. चार शिवणींच्या चौरस्त्यावर मात्र जाडी अचानक वाढते, कापड वळते, आणि तिथे कारागिराचा हात लागतो. त्या हाताचे कसब मला या कपड्यात सर्वांत मोलाचे वाटते.

त्याहून मोलाचे एकच: ज्याने कटिंग करतानाच हा चौरस्ता टाळला त्याचे. काही पँटमध्ये आसनाखाली एकच लांबट, हिऱ्याच्या आकाराचा तुकडा बसवलेला असतो, आणि शिवणी सीटच्या दाबापासून पुढे-मागे सरकलेल्या असतात. काहींमध्ये बूड आणि मांड्यांची मागची बाजू एका सलग तुकड्यात काढलेली असते. कापड जास्त लागते, वाया जास्त जाते, म्हणून अशी पँट स्वस्तात मिळत नाही. पण अशी पँट हातात घेतली की कापणारा माणूस स्वतः कधीतरी ओल्या सीटवर बसला असणार, याची खात्री पटते. तपासायचे असेल तर घरी पँट उलटी करून आसनात तांब्याभर पाणी ओतावे, खालून पिशवीसारखी धरावी आणि दहा मिनिटांनी वरून मुठीने दाबून बघावे. नुसते पाणी धरणारी पँट पुष्कळ मिळते. दाबल्यावरही धरणारी निवडून घ्यावी लागते.

आपल्याकडच्या पावसाळी पेहरावात मांडीचा विचार फारसा झाला नाही, आणि त्याला सबळ कारण आहे. कोकणात आणि घाटमाथ्यावर भाताची लावणी करणारी माणसे पाठीवर इरले घेत. कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर पाने. डोके आणि वाकलेली पाठ झाकली की काम भागले. पाय चिखलातच असायचे, त्यांना कोरडे ठेवण्यात अर्थ नव्हता. घोंगडीची खोळही डोक्यावरून पाठीवर उतरते, गुडघ्याखाली जात नाही. उभ्या, चालत्या, वाकलेल्या माणसाचा हा पेहराव, आणि त्या कामाला तो अगदी नेमका. पुढे रबरी कापडाचा लांब रेनकोट आला. चार्ल्स मॅकिंटॉश यांनी दोन कापडांमध्ये रबराचा थर बसवण्याचे पेटंट १८२३ साली घेतले, त्याचाच तो वारस. तोही उभ्या माणसाचाच. गाडीवर बसले की त्याचे पुढचे दोन पदर मांडीवरून फाकतात आणि पाणी नेमके मधोमध उतरते. कित्येक वडीलधारी मंडळी अशा कोटात वर्षानुवर्षे गाडी चालवत कामावर गेली आणि ओल्या मांड्यांनीच खुर्चीवर बसली.

मोटारसायकलवर बसणाऱ्यासाठी म्हणून बेतलेल्या कपड्यांत इंग्लंडच्या बार्बर कंपनीचा १९३६ चा सूट प्रसिद्ध आहे: मेण दिलेल्या सुती कापडाचा, सहा दिवस चालणाऱ्या खडतर शर्यतीसाठी शिवलेला. देखणा कपडा आहे तो. पण मेणकापड थंड हवेचे. आपल्या दमट उकाड्यात ते चिकट होते आणि कपाटात ठेवले की त्यावर बुरशी चढते. त्या सूटकडून घ्यावे ते कापड नव्हे, घ्यावी ती दृष्टी: कपडा बसलेल्या माणसाच्या अंगावर मोजायचा.

ही दृष्टी पँटमध्ये ठिकठिकाणी वाचता येते. गुडघा वाकला की कापड वर ओढले जाते. म्हणून उभे राहिल्यावर बॉटम टाचेखाली चार बोटे लोळत असेल तर ती लांबी बरोबर आहे. कमरेची मागची बाजू पुढच्यापेक्षा उंच हवी, कारण हँडलकडे झुकल्यावर कंबर उघडी पडते आणि जॅकेटवरून ओघळलेले पाणी सरळ आत शिरते. लांबच्या प्रवासासाठी खांद्यावर पट्टे असलेली डंगरीसारखी पँट मला म्हणूनच आवडते. तिला कमरेचे इलॅस्टिक घट्ट लागत नाही, त्यामुळे पोटाला काचतही नाही. आत गुडघ्याचे गार्ड घालायचे असतील तर पँट एक माप मोठी घ्यावी. तंग पँटमध्ये गुडघ्यापाशी कापड ताणले जाते आणि शिवण उसवायला तिथूनच सुरुवात होते.

वरचे खालच्यावर चढावे, हा कौलारू छपराचा नियम इथे जसाच्या तसा लागू आहे. जॅकेट पँटवर, पँट बुटावर. गमबूट आहेत म्हणून पँट आत खोचली, तर मांडीवरून आलेले सगळे पाणी बुटात जमते आणि बुटाला खाली निचरा नसतो. मात्र दुचाकीवर पाऊस फक्त वरून येत नाही. पुढचे चाक रस्त्यावरचे पाणी खालून नडगीवर फेकते आणि वारा बॉटम पोटरीपर्यंत सरकवतो. म्हणून बॉटमला वेल्क्रोची पट्टी हवी, आणि तळपायाखालून जाणारा इलॅस्टिकचा पट्टा असेल तर फारच उत्तम. पायाची चेन बाहेरच्या बाजूला, तिच्यामागे पाणी अडवणारी सलग घडी, आणि वरची झडप मागच्या दिशेला उघडणारी. झडप पुढे तोंड करून असेल तर वारा तिला उचलतो आणि पाणी आत भरतो.

बॉटमचा सैलपणा हा धोक्याचाही विषय आहे. सिग्नलला पाय टेकवताना लोंबणारे कापड फूटपेगमध्ये अडकले तर उभ्या गाडीसकट माणूस आडवा होतो. उजव्या पायाला वेगळी भीती: आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजव्या बाजूला. पॉलिएस्टर अडीचशे अंश सेल्सिअसच्या थोडे पुढे वितळते, त्यावरचा थर त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतो, आणि इंजिनातून निघणारी वाकडी नळी सहज तेवढी तापते. पावसाच्या पाण्याने ती थंड राहील या भरवशावर राहू नये. सर थांबली की दहा मिनिटांत ती पुन्हा तापते. काही पँटमध्ये पोटरीच्या आतल्या बाजूला उष्णता सोसणारा जाड तुकडा शिवलेला असतो. ती पँट उचलावी.

आता घामाचा प्रश्न. ‘श्वास घेणारे’ कापड म्हणून जे महाग विकले जाते त्याचे मूळ १९६९ सालात आहे. अमेरिकेत रॉबर्ट गोर यांनी पीटीएफई या, टेफ्लॉन नावाने आपल्याला माहीत असलेल्या, पदार्थाची तापवलेली कांडी एका झटक्यात ताणली आणि तिच्यात अतिसूक्ष्म छिद्रांचे जाळे तयार झाले. पाण्याचा थेंब अडेल आणि वाफ जाईल असा पडदा त्यातून बनला. त्या शोधाबद्दल मला नितांत आदर आहे. पण वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातल्या फरकामुळे. दहा अंश तापमानाच्या गारठ्यात हा फरक मोठा असतो. जुलैत पनवेल ते महाड या पट्ट्यात हवा सत्तावीस अंशांवर आणि जवळजवळ बाष्पाने भरलेली असते. तिथे तो निम्म्याहूनही कमी उरतो. त्यात बाहेरचे कापड भिजून चिंब झाले की वाफेची वाट आणखी अडते. त्यामुळे कोकणच्या सखल भागात फिरणाऱ्याने या पडद्यासाठी दुप्पट-तिप्पट पैसे घालावेत असे मला वाटत नाही. सैल कट आणि आत अंगाला न चिकटणारे जाळीचे अस्तर त्याला जास्त सुख देईल. वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या आंबोलीच्या गारव्यात किंवा महाबळेश्वरच्या धुक्यात तोच पडदा अधिक काम करतो, आणि लडाख-स्पितीकडे जाणाऱ्यांनी तो जरूर घ्यावा.

रायडिंग पँटच्या आत लावायचे जलरोधक अस्तर मात्र मला आपल्या पावसासाठी पटत नाही. बाहेरचे कापड पाणी पिऊन जड होते, वारा लागून बर्फासारखे गार पडते, आणि सर आली की आडोसा शोधून पँट उतरवून अस्तर लावत बसावे लागते. वरून चढवायची पँट बुटांसकट दोन मिनिटांत अंगावर येते. त्यासाठी चेन गुडघ्याच्या वरपर्यंत हवी.

खरी परीक्षा मृगाच्या सरींत होत नाही. त्या गडगडाट करत येतात आणि ओसरतात. पुनर्वसूचा तरणा पाऊसही अधूनमधून दम घेतो. पुष्यातला म्हातारा पाऊस लागतो तेव्हा दिवसभर एकाच चालीने पडत राहतो, आणि कुठल्या शिवणीत काय दम आहे ते तेव्हाच कळते.

पँट खराब होते ती रस्त्यावर कमी आणि घरात जास्त. ओली घडी करून डिकीत ठेवली की दमट उकाड्यात पीयूचा थर विघटित होऊ लागतो, चिकट होतो, पुढच्या वर्षी त्याचे पापुद्रे सुटतात. साध्या पाण्याने चिखल काढावा, दोन्ही बाजूंनी सावलीत वाळवावी, आणि पावसाळा संपल्यावर घडी न घालता टांगून ठेवावी. कपड्यांना मऊपणा देणारी द्रव्ये तिला कधीही लावू नयेत. पाणी मोती होऊन ओघळण्याचा तिचा गुण त्याने जातो.

दुकानांत एक उणीव मला फार खटकते. रेनपँट बहुतांशी पुरुषी मापाच्या असतात आणि त्यांवर ‘सर्वांसाठी’ असे लिहिलेले असते. रोज स्कूटरवरून शाळेत, बँकेत, रुग्णालयात जाणाऱ्या स्त्रियांची संख्या आज किती मोठी आहे! स्कूटरचे पुढचे पत्रे नडगी वाचवतात, पण मांडीवर साचणारे पाणी तेवढेच असते, आणि नितंबांपाशी तंग बसणाऱ्या पँटची आसनाची टेप सगळ्यांत आधी सुटते. मोठे माप घेतले तर कंबर सैल आणि बॉटम पायात येते. कुर्ता किंवा साडीचा घोळ आत मावेल इतका वरचा भाग रुंद, कमरेला दोन्ही बाजूंनी आवळता येणारी, बॉटम अरुंद अशी पँट काही थोडे जण बनवतात. ती शोधून घ्यावी लागते. तसेच घरोघर जेवण पोचवणाऱ्या मुलांचे. ते दिवसातले दहा-बारा तास त्याच एका पँटमध्ये असतात, शंभर वेळा गाडीवर चढतात-उतरतात. त्यांच्या पँटचे आसन दुहेरी कापडाचे आणि बॉटमवर प्रकाश परावर्तित करणारी रुंद पट्टी असलीच पाहिजे, आणि ती त्यांना कामावर ठेवणाऱ्यांनी जूनच्या आधी हातात द्यायला हवी.