रायगडचे जतन : जगदीश्वराचा शिलालेख आणि गडाखालील तरुण

रायगडासाठी २०१७ साली स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले, आणि २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत नोंदलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत रायगडाची गणना झाली. उत्खनन, डागडुजी, तलावांतील गाळ काढणे ही गडावर झालेली कामे स्तुत्यच होत. परंतु सबंध डोंगर हेच वस्तुसंग्रहालय मानावयाचे, तर त्याची सूची कोणती धरावी, याचा विचार आमच्या मते पुरेसा झालेला नाही.

वस्तुतः ही सूची गडावरच कोरलेली आहे. जगदीश्वराच्या प्रासादावरील संस्कृत शिलालेखात सहा, नऊ, बाण व भूमी या शब्दांनी काळ सांगितला आहे. अंकांची गती उजवीकडून डावीकडे, या न्यायाने शके १५९६, आनंदनाम संवत्सर, म्हणजे राज्याभिषेकाचेच वर्ष येते. त्याच लेखात वापी, कूप, तडाग, आराम, वीथी, स्तंभ, गजशाला व राजगृहे यांची गणना आहे. तीत अग्रस्थान पाण्यास आहे, राजगृहांस नव्हे. आजचा प्रवासी मात्र बहुधा सिंहासनाची जागा, बाजारपेठ, टकमक टोक व समाधी एवढे पाहून गड उतरतो.

त्याच मंदिराच्या पायरीवर हिरोजीचा लहानसा लेख आहे. त्यातील आडनाव कोणी ‘इटळकर’ वाचतात, कोणी ‘इंदुलकर’. पोथीत असा पाठभेद आढळता, तर आपण दुसरी प्रत शोधली असती. शिलेस दुसरी प्रत नसते. पुरातत्त्व खात्याच्या अनुज्ञेने दर पावसाळ्यानंतर घेतलेले, मिती घातलेले छायाचित्र व हातनक्कल हीच तिची प्रत होय.

हे काम क्वचित येणाऱ्या पंडिताचे नव्हे. पाचाड, रायगडवाडी व हिरकणीवाडी येथील तरुण गड बारमाही पाहतात. कोणते टाके कधी आटते, कोणता चिरा केव्हा हलला, हे त्यांच्याइतके कोणास कळणार? संस्कृत न जाणणाऱ्यास नक्कल कशी साधेल, अशी शंका कोणी घेतील. परंतु अर्थ जाणणारा लेखकू नकळत अक्षर सुधारून घेतो, हे पोथ्या हाताळणाऱ्या आपल्या मंडळींस सांगावयास नको. जे दिसते तेवढेच उतरविणारा डोळा येथे अधिक विश्वासाचा. वाचन व अर्थनिर्णय मागाहून जाणत्यांनी करावा.

तेव्हा या तरुणांस केवळ वाटाडे न समजता जुन्या अक्षरवळणांचे व मोजमापाचे शिक्षण द्यावे, कामाचे वेतन द्यावे, आणि प्रत्येक नकलेवर ती करणाऱ्याचे नाव घालावे. ज्या गडावर बांधणाऱ्याचे नाव पायरीवर राहिले, तेथे राखणाऱ्याचे नाव वगळणे युक्त नव्हे.