थर्मोस्टॅटवरचा अन्याय

मोटारीचे इंजिन तापू लागले की 'थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्या हवेत त्याची गरजच काय?' हा सल्ला हमखास मिळतो. यावर जाणकारांचे उत्तर असे असते : 'काढू नका. मग पाणी इतके वेगाने धावते की रेडिएटरमध्ये त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही.' पहिला सल्ला चुकीचा आहे. दुसरा बरोबर आहे, पण त्याचे कारण चुकीचे आहे. शिक्षकांनी दुसऱ्याची चिकित्सा अधिक करावी, कारण उत्तर बरोबर आले की त्यामागचा तर्क सहसा कोणी तपासत नाही.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन व रेडिएटर यांच्यामधली झडप. तिच्या धातूच्या कुपीत मेण असते. वितळताना ते प्रसरण पावते, दांडीवर दाब देते आणि स्प्रिंगच्या विरुद्ध झडप उघडते. पुष्कळ गाड्यांत ८२ ते ८८ अंश सेल्सिअसच्या सुमारास ती उघडू लागते. तेव्हा तिचे काम इंजिन 'थंड ठेवणे' नसून योग्य तापमानाला ठेवणे हे आहे. गार इंजिनात पेट्रोलचे नीट बाष्प होत नाही, इंधन जास्त लागते, तेलात उतरते आणि झीज वाढते. विदर्भातला ४५ अंशांचा उन्हाळासुद्धा इंजिनाच्या दृष्टीने गारच!

आता 'वेळ मिळत नाही' हा तर्क पाहू. समजा, इंजिन पाण्याला दर सेकंदाला ३० किलोजूल उष्णता देते. सेकंदाला एक लिटर पाणी फिरले तर ते सुमारे ७ अंशांनी तापेल. अर्धा लिटर फिरले तर १४ अंशांनी. वेगाने फिरणारे पाणी रेडिएटरमध्ये कमी वेळ थांबते, पण तितक्याच अधिक वेळा परतही येते. शिवाय अशा वेळी रेडिएटर सर्वत्र जवळजवळ सारखाच गरम राहतो, त्यामुळे हवेला उष्णता अधिक मिळते, कमी नव्हे.

मग झडप काढल्यावर काही गाड्या खरोखर तापतात, त्या का? अनेक इंजिनांत पाण्याला रेडिएटर टाळून परतण्याची आडवाट असते. झडप उघडताना तिचीच मागची चकती ही वाट बंद करते. झडपच काढली की आडवाट उघडी राहते आणि गरम पाण्याचा काही भाग न निवताच इंजिनात परततो. दोष वेगाचा नाही, वाटेचा आहे.

रोगनिदानही असेच तर्काने करावे. गाडी रहदारीत तापते, मोकळ्या रस्त्यावर नाही, तर आधी पंखा पाहावा. घाटात किंवा भरधाव जाताना तापत असेल, तर रेडिएटर चोंदल्याची शंका घ्यावी. काटा वर चढला तरी रेडिएटर गारच असेल, तर झडप बंद अवस्थेत अडकली असण्याचा संभव. इंजिन तापायलाच फार वेळ लागत असेल, तर ती उघडी अडकलेली असेल. गरम रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नये. दाबामुळे १०० अंशांच्या वर जाऊनही न उकळलेले पाणी दाब जाताच उसळून अंगावर येते. प्रेशर कुकरचाच हा धडा.

काढलेला थर्मोस्टॅट वर्गात आणावा, दोऱ्याने पाण्याच्या भांड्यात तळाला न टेकता लटकवावा, शेजारी तापमापी ठेवावी आणि पाणी तापवावे. झडप उघडू लागते ते तापमान तिच्यावर कोरलेल्या आकड्याशी ताडून पाहावे. झडप टाकून द्यायची की परत बसवायची, हे मग विद्यार्थीच सांगतील, आणि कारणासह सांगतील.