तीव्र स्वादुपिंडदाहावरील औषधांच्या प्राणिचाचण्या : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक :

स्वादुपिंड हा जठराच्या मागे दडलेला अवयव असून अन्न पचविणारी विकरे तयार करणे हे त्याचे एक प्रमुख कार्य होय. ही विकरे आतड्यात पोहोचल्यावर कार्यरत व्हावीत अशी निसर्गाची योजना आहे. काही कारणाने ती स्वादुपिंडातच कार्यरत झाली, तर अवयव स्वतःलाच पचवू लागतो. यालाच स्वादुपिंडदाह म्हणतात. पित्ताशयातील खडे आणि मद्यपान ही त्याची दोन प्रमुख कारणे होत. बहुतेक रुग्ण काही दिवसांत बरे होतात; मात्र सुमारे पाचव्या हिश्श्यात हा विकार गंभीर वळण घेतो व अनेकांचा जीव घेतो.

या रोगावर संशोधन होत नाही असे नाही. प्राण्यांवरील प्रयोगांत गुणकारी ठरलेली औषधे डझनावारी आहेत. तरीही रोगाचा मूळ मार्ग रोखणारे, सर्वमान्य असे एकही औषध आजपर्यंत रुग्णाच्या हाती आलेले नाही. द्रवपदार्थ शिरेवाटे देणे, वेदनाशमन, योग्य पोषण व गुंतागुंतीवरील उपचार हेच आजही उपचाराचे मुख्य आधार आहेत. प्रयोगशाळेतील यश आणि रुग्णशय्येवरील अपयश यांतील ही दरी कशामुळे निर्माण झाली, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. प्रस्तुत लेखक वैद्यकीय व्यावसायिक नसून प्राणिशास्त्राचा अध्यापक आहे; त्यामुळे येथे केलेली चिकित्सा औषधांची नसून प्रयोगरचनेची आहे.

प्राण्यात रोग कसा निर्माण केला जातो?

उंदराला हा रोग सहसा आपोआप होत नाही. तो घडवून आणावा लागतो. त्यासाठीच्या काही पद्धती प्रचलित आहेत. ऑस्ट्रेलियातील एका वृक्षबेडकाच्या त्वचेत प्रथम आढळलेले सेरुलिन हे द्रव्य दर तासाला टोचल्यास स्वादुपिंडाला सूज येते. मात्र ही सूज बहुधा सौम्य व आपोआप ओसरणारी असते. पित्तक्षारापैकी टॉरोकोलेट स्वादुपिंडनलिकेत उलट दिशेने सोडल्यास रक्तस्राव व पेशीनाश होतो. एल-आर्जिनिन या अमिनो आम्लाच्या मोठ्या मात्रेनेही असाच परिणाम साधता येतो.

या सर्व पद्धतींत प्राणी तरुण, निरोगी व एकाच वंशाचा असतो. रुग्ण मात्र पन्नाशीचा, मधुमेही, स्थूल अथवा वर्षानुवर्षे मद्य घेणारा असू शकतो. आणखी एक बाब विद्यार्थ्यांना शिकविताना नेहमी ध्यानात येते. मोठ्या उंदराला, म्हणजे रॅटला, पित्ताशयच नसते. पित्ताशयातील खडे हे ज्या रोगाचे प्रमुख कारण, त्या रोगाचा प्रतिनिधी म्हणून आपण पित्ताशयविरहित प्राणी निवडतो. तथापि एवढ्यावरून प्राणिप्रयोग निरर्थक ठरविणे अन्यायाचे होईल. विकरे अकाली कार्यरत कशी होतात, पेशीत कोणते बदल घडतात, हे ज्ञान मुख्यतः याच प्रयोगांतून लाभले आहे. आक्षेपाचे खरे स्थान वेगळे आहे, ते म्हणजे वेळ.

वेळेचा प्रश्न :

अनेक प्राणिप्रयोगांत औषध रोग निर्माण करण्यापूर्वी, त्याच वेळी किंवा लगेच नंतर दिले जाते. म्हणजेच प्रयोगकर्त्याला रोगाचा प्रारंभ मिनिटागणिक ठाऊक असतो. रुग्णाला तो ठाऊक नसतो.

बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या रुग्णाची वाट डोळ्यांसमोर आणावी. लोणार किंवा संग्रामपूर तालुक्यातील एखाद्या खेड्यात रात्री पोटाच्या वरच्या भागात कळ उठते, ती पाठीत जाते, उलट्या होतात. 'पित्त वाढले असेल' म्हणून घरगुती उपाय होतो. सकाळी गावातील डॉक्टर, मग ग्रामीण रुग्णालय, मग जिल्ह्याचे ठिकाण आणि प्रकृती ढासळल्यास अकोला अथवा छत्रपती संभाजीनगर. बुलढाण्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही समाधानाची बाब आहे. परंतु खेड्यापासून अतिदक्षता कक्षापर्यंतचे तास त्यामुळे शून्यावर येत नाहीत.

येथे एक विसंगती विशेष लक्षणीय आहे. २०१२ च्या सुधारित अटलांटा वर्गीकरणानुसार अवयवांचे अपयश ४८ तासांहून अधिक टिकले, तरच त्या स्वादुपिंडदाहाला 'तीव्र' म्हणतात. म्हणजे रुग्णाच्या बाबतीत 'तीव्र' हा शब्दच दोन दिवस उलटल्यावर उच्चारता येतो. प्राण्याच्या बाबतीत मात्र शून्याव्या तासाला औषध देऊन 'तीव्र रोगावरील उपचार' सिद्ध झाल्याचे लिहिले जाते. शब्द एकच असला, तरी त्यामागील अवस्था भिन्न आहे.

दोन उदाहरणे :

दाह वाढविणाऱ्या एका घटकाला रोखणारे लेक्सिपाफंट हे औषध प्राण्यांत व मानवावरील प्रारंभिक चाचण्यांत आशादायक ठरले होते. २००१ मध्ये २९० रुग्णांवरील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अवयवांचे अपयश टाळण्यात औषधाचा उपयोग दिसला नाही. या चाचणीत दाखल होतानाच ४४ टक्के रुग्णांत अवयवांचे अपयश सुरू झालेले होते. जे टाळावयाचे, ते औषधापूर्वीच घडून गेलेले होते.

दुसरे उदाहरण अधिक क्लेशदायक आहे. प्राणिप्रयोगांच्या आधारे, उपकारक जिवाणूंमुळे संसर्ग टळेल या आशेने नेदरलँड्समध्ये प्रोबायोटिकांची चाचणी झाली. २००८ मधील तिच्या अहवालानुसार प्रोबायोटिक गटात १६ टक्के, तर दुसऱ्या गटात ६ टक्के रुग्ण दगावले. ज्या प्राणिप्रयोगांवर ही आशा आधारलेली होती, त्यांतील बहुतेकांत जिवाणू रोगनिर्मितीपूर्वीच दिले गेले होते. प्रयोगरचनेतील उणीव ही केवळ तात्त्विक उणीव नसते, हे या आकड्यांवरून स्पष्ट व्हावे.

महाराष्ट्रातील परंपरा :

मुंबईतील हाफकिन यांचे कार्य या संदर्भात उद्बोधक ठरते. प्लेगवरील लस प्राण्यांवर आजमावून १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःस टोचून घेतली. लस रोगापूर्वीच द्यावयाची असते. म्हणून आधी लस व नंतर रोगजंतू हा प्रयोगातील क्रम वास्तवाशी जुळणारा होता. प्राण्याला विचारलेला प्रश्न आणि माणसाचा प्रश्न एकच होता.

याउलट सर्पविषावरील प्रतिविषाचे उदाहरण घ्यावे. प्रतिविषाची क्षमता मोजण्याच्या प्रमाणित पद्धतीत विष व प्रतिविष आधी एकत्र मिसळून, काही वेळ ठेवून मग उंदराला टोचतात. उत्पादनाची गुणवत्ता पडताळण्यासाठी ही पद्धत उपयुक्त आहे. मात्र शेतात साप चावल्यावर काही तासांनी रुग्णालयात पोहोचणाऱ्या शेतकऱ्याचा प्रश्न तीत विचारलेला नसतो. मोजमाप आणि उपचार यांतील हा भेद स्वादुपिंडदाहाच्या संशोधनात वारंवार विसरला गेला आहे.

मुंबईतील संशोधकांच्या सहभागाने झालेल्या युलिनास्टॅटिन या औषधाच्या मानवी चाचणीचा अहवाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. गंभीर रुग्णांत मृत्यू कमी झाल्याचे त्यात नमूद आहे. रुग्णसंख्या लहान असल्याने हा निष्कर्ष अंतिम मानता येत नाही. तथापि प्रश्न रुग्णालाच विचारला गेला, ही त्या प्रयत्नाची जमेची बाजू होय. २०२२ मध्ये भारतासह चार देशांत झालेल्या २४९ रुग्णांच्या चाचणीने शिरेवाटे अतिरिक्त द्रव देणे अपायकारक ठरू शकते, हे दाखवून दिले. साध्या सलाइनसारख्या उपचाराचेही उत्तर अखेर रुग्णांमध्येच शोधावे लागले.

नैतिक बाजू :

प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम १९६० व त्याखालील १९९८ चे नियम यांनुसार प्रयोगांवर संस्थात्मक नैतिक समितीचे नियंत्रण असते. २०२३ मधील दुरुस्तीने नव्या औषधांच्या परीक्षणात प्राणिविरहित पद्धतींनाही वाव मिळाला. परंतु समितीपुढील प्रश्न बहुधा प्राण्यांची संख्या, पिंजरा व वेदनाशमन यांपुरते राहतात. औषध कोणत्या तासाला देणार, हा प्रश्नही तितकाच नैतिक आहे. स्वादुपिंडदाह अत्यंत वेदनादायी असतो. ज्या प्रयोगाचे उत्तर कोणत्याही रुग्णाला उपयोगी पडणार नाही, त्यात प्राण्याने सोसलेली वेदना वाया जाते. येथे भूतदया आणि विज्ञाननिष्ठा परस्परविरोधी नाहीत. दोहोंची मागणी एकच आहे.

निष्कर्ष :

१. औषध रोग पूर्ण स्थिरावल्यावर, रुग्ण ज्या अवस्थेत रुग्णालयात पोहोचतो तिच्याशी तुल्य वेळी दिले जावे.

२. एकाच प्रारूपावरील यशावरून मानवी चाचणी सुरू करू नये. वयस्क व सहव्याधी असलेल्या प्राण्यांचाही विचार व्हावा.

३. प्राण्यांची विभागणी यादृच्छिक पद्धतीने व्हावी, परीक्षकाला गट ठाऊक नसावा आणि अपयशी प्रयोगही प्रसिद्ध व्हावेत. २०१० मधील 'अराइव्ह' मार्गदर्शक तत्त्वांचा रोखही पारदर्शक नोंदीकडेच आहे.

४. शोधनिबंधाच्या सारांशात औषध देण्याची वेळ स्पष्टपणे नमूद करणे नियतकालिकांनी बंधनकारक करावे.

यांपैकी शेवटची सूचना अमलात आणण्यास कोणताही खर्च येत नाही. रोगाने गाठल्यानंतरच रुग्ण दवाखान्याची पायरी चढतो. त्याच्यासाठी शोधले जाणारे औषधही रोगाच्या मागून येऊनच आपली योग्यता सिद्ध करणारे असले पाहिजे.